नेव्हर नो लॅमेंट : माणूस बघून बेतलेले सोलो

अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या नोटेशनच्या कागदांवर ‘पहिला ट्रम्पेट’, ‘दुसरा ट्रम्पेट’ असं लिहिण्याऐवजी बरेचदा थेट वादकाचं नाव असायचं. कूटी. रेक्स. ट्रिकी. ओळ कोणत्या वाद्याला द्यायची यापेक्षा ती कोणत्या माणसाच्या तोंडी शोभेल, हा विचार आधी व्हायचा. ब्लूबर्ड या रेकॉर्ड कंपनीने २००३ मध्ये काढलेला ‘नेव्हर नो लॅमेंट : द ब्लॅंटन-वेब्स्टर बँड’ हा तीन सीडींचा संच घ्यायचा तो ही कारागिरी जवळून बघायला. नुसती जुनी गोड गाणी हवी असतील तर त्यासाठी इतर पुष्कळ संग्रह आहेत. बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) सोलो, एकट्या वादकाचा तुकडा, ‘बसवतात’ म्हणजे नेमकं काय करतात, ते कळायला मात्र इतका दाट ऐवज एका जागी क्वचित मिळतो.

संचात ७५ ट्रॅक आहेत. ६ मार्च १९४० ते २८ जुलै १९४२ या काळात व्हिक्टर कंपनीसाठी झालेलं ध्वनिमुद्रण तारखेच्या क्रमाने लावलं आहे आणि काही रचनांचे दुसरे टेकही (त्याच रचनेची वेगळी ध्वनिमुद्रणं) दिले आहेत. शेवट जुलै १९४२ वर होतो, कारण १ ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली. तोपर्यंत बँडही बदलला होता. ट्रम्पेटवाला कूटी विल्यम्स १९४० च्या नोव्हेंबरात बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला, आणि ज्याच्या नावाने हा काळ ओळखला जातो तो बेसवादक जिमी ब्लॅंटन जुलै १९४२ मध्ये क्षयाने वारला. वय तेवीस.

सुरुवातीचा बँड पंधरा जणांचा. कूटी, रेक्स स्टुअर्ट (हा खरं तर कॉर्नेट वाजवायचा) आणि वॉलेस जोन्स हे तिघे ट्रम्पेटच्या रांगेत. ट्रॉम्बोनवर ट्रिकी सॅम नँटन, हुआन टिझोल, लॉरेन्स ब्राउन. सॅक्सोफोन-क्लॅरिनेटच्या रांगेत बार्नी बिगार्ड, जॉनी हॉजेस, ओटो हार्डविक, बेन वेब्स्टर, हॅरी कार्नी. मागे पियानोवर स्वतः एलिंग्टन, गिटारवर फ्रेड गाय, बेसवर ब्लॅंटन, ड्रम्सवर सनी ग्रीअर. ही नावं एकदा डोक्यात बसली की अर्ध्याहून जास्त सोलो आवाजावरूनच ओळखू येतात. त्यासाठी आठवडाभर ऐकावं लागेल, पण तो वेळ वाया जात नाही.

एक अट लक्षात ठेवायची. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं. त्यात सुरावट, सोलो, बँडचा भरणा आणि शेवट, सगळं मावायला हवं. ‘आता तू वाजव, आम्ही थांबतो’ असं म्हणायची चैन परवडत नाही. त्यामुळे सोलोमागे काय वाजतंय आणि सोलो सुरू व्हायच्या आधीच्या दोन बारमध्ये काय झालं, यावरच सगळा खेळ. (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा तुकडा, रचनेचा पूर्ण साचा एकदा वाजून झाला की एक आवर्तन, ज्याला जॅझवाले कोरस म्हणतात.)

सुरुवात ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ने करा. १५ मार्च १९४०. संपूर्ण रचना एका ट्रम्पेटवाल्यासाठी, आणि गंमत म्हणजे त्यात उत्स्फूर्त असं जवळजवळ काही नाही. सोलो म्हणजे मनातलं वाजवणं, हा समज इथेच निकालात निघतो. आठ बारची प्रस्तावना होते आणि सुरावट येते. ती दहा बारची आहे. जॅझच्या सुरावटी बहुतेक आठ बारच्या, त्यामुळे कान आठव्या बारला शेवट धरून बसतो आणि तिथे बँड आणखी थोडं बोलून घेतो. कूटी एक छोटा मुखडा म्हणतो, बँड उत्तर देतो, आणि या उत्तरामुळेच वाक्य लांबतं. पुढे १९४३ मध्ये याच सुरावटीला शब्द लावून ‘डू नथिंग टिल यू हिअर फ्रॉम मी’ हे लोकप्रिय गाणं केलं, तेव्हा ती छाटून नेहमीच्या आठ बारांत बसवली. दोन्ही एकामागोमाग ऐकून पाहा. गाण्यात सूर तेच आहेत, पण बँडने उत्तर द्यायची जागाच गेली.

आता आराखडा. दहा, पुन्हा दहा, मग आठ बारचा मधला भाग, मग सुरावट परत येते ती फक्त सहा बार, कारण पुढचे दोन बार स्वरपट्टी बदलायला खर्च होतात. एफ मेजरमधून रचना डी फ्लॅटमध्ये जाते आणि तिथे सोळा बारचा नवाच भाग सुरू होतो. पुन्हा दोन बारचा जिना, परत एफ, सुरावटीचे सहा बार, आणि दहा बारचा शेवट. कागदावर हे किचकट दिसतं. कानाला एवढंच जाणवतं की कूटीचा आवाज दर वेळी वेगळ्या खोलीतून येतो. पहिल्या खोलीत ट्रम्पेटच्या तोंडात म्यूट (आवाज दाबणारं बूच) घट्ट बसवलेला, आवाज बारीक आणि कापरा. आठ बारच्या मधल्या भागात तोच माणूस गुरगुरायला लागतो. आणि डी फ्लॅटला पोचल्यावर म्यूट निघतो, तेव्हा पूर्ण उघडा, रुंद ट्रम्पेट समोर येतो. स्वरपट्टी आणि आवाजाचा पोत एकाच क्षणी बदलल्यामुळे त्या सोळा बारना जो उजेड मिळतो, तो नुसत्या म्यूट काढण्याने मिळाला नसता. सोलोवाल्याच्या हातात तीन आवाज आहेत, हे ओळखून रचनेने तीन जागा बांधल्या.

हा गुरगुरता आवाज काढतात कसा, ते वाजवणाऱ्यांसाठी. ट्रम्पेटच्या तोंडात आधी एक छोटा, अरुंद म्यूट बसवतात, त्याला पिक्सी म्हणतात. त्यावर डाव्या हाताने रबरी प्लंजर धरतात. बेसिन तुंबल्यावर वापरतात तोच, दांडा काढलेला. हात मिटला की आवाज कोंडतो, उघडला की ‘वा’ येतो. शिवाय वाजवता वाजवता घशातून घोगरा आवाज काढायचा, त्याने सूर खरखरीत होतो. तीन ठिकाणी हमखास गडबड होते. म्यूट लावल्यावर सूर वर सरकतो, म्हणून ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) आधीच थोडी बाहेर घ्यावी लागते. उघड्या भागापर्यंत ती परत आत न्यायला वेळ जेमतेम दोन बारचा असतो आणि त्याच दोन बारांत म्यूटही काढून ठेवायचा असतो. दुसरं, प्लंजर कडेला घट्ट दाबून धरला तर सूर घुसमटतो. मिटलेल्या स्थितीतही बोटभर फट हवी. तिसरं, घशातला आवाज सतत चालू ठेवला की त्याचा नुसता कर्कश खाकरा होतो. कूटी तो शब्दावर जोर द्यावा तसा निवडक ठिकाणी वापरतो.

‘कॉटन टेल’ (४ मे १९४०) याच्या नेमकी उलट. ठोके मिनिटाला २३० च्या आसपास. प्रस्तावना नाही, पहिल्या क्षणापासून सुरावट, आणि पहिलं आवर्तन पूर्ण न करताच शेवटचा तुकडा छाटून बेन वेब्स्टरला आत ढकललं आहे. दार अर्धवट उघडं असतानाच माणूस घरात शिरतो, तसं. वेब्स्टरला मग सलग दोन आवर्तनं मिळतात, चौसष्ट बार. तीन मिनिटांच्या तबकडीत हे औदार्यच. पहिल्या आवर्तनात बराच वेळ त्याच्यामागे फक्त बेस, ड्रम्स, गिटार, आणि ब्रासचे (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे) फटके मोजक्या ठिकाणी. त्यामुळे त्याच्या टेनर सॅक्सोफोनचा खरबरीत, श्वासाने भरलेला आवाज पुढे येतो आणि ब्लॅंटनची चालही स्पष्ट ऐकू येते. फटका पडतो तो वेब्स्टरचं वाक्य संपता संपता, वाक्याच्या मध्ये कधी नाही.

पण या रचनेतली खरी हुशारी सोलो संपल्यावर आहे. कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन आणि एलिंग्टनचा पियानो थोडं थोडं बोलून जातात आणि मग पाच सॅक्सोफोन मिळून एक अख्खं आवर्तन वाजवतात. लिहिलेलं, पाचही जण खांद्याला खांदा लावून, वळणं मात्र थेट वेब्स्टरच्या बोलीतली. हे आवर्तन वेब्स्टरनेच रचलं असं मानतात. एकट्याने जे बोलून दाखवलं ते आता सगळी रांग बोलते, आणि मागे वळून पाहिलं तर त्याचा सोलो या भागाची तयारी होता असं वाटू लागतं. हौशी बँड इथेच घसरतात. टेनरवाल्याला उत्साहाने दोनाऐवजी सहा आवर्तनं देतात, आणि सॅक्सोफोनचा भाग येईपर्यंत पहिली बोली श्रोता विसरलेला असतो. दुवा तुटला की तो भाग नुसता वेगाचा व्यायाम उरतो.

‘को-को’ ऐकताना ई फ्लॅट मायनर आणि बारा बारचा ब्लूज एवढं लक्षात ठेवा. सात आवर्तनं, प्रत्येक आधीच्याहून दाट. पहिलं टिझोलचं, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनवर. टिझोल मनाने वाजवण्यासाठी प्रसिद्ध नव्हता. त्याच्याकडे होता तो स्वच्छ, काहीसा कोरडा सूर आणि अचूकपणा, म्हणून त्याला लिहिलेली ओळ दिली आणि सॅक्सोफोनना त्याच्याशी सवाल-जवाब करायला लावलं. त्यानंतर ट्रिकी सॅम नँटनची दोन आवर्तनं येतात तेव्हा ट्रॉम्बोननंतर ट्रॉम्बोनच आला हे लक्षातही येत नाही, इतके ते दोघे वेगळे. नँटन ट्रॉम्बोनमध्ये ट्रम्पेटचा छोटा म्यूट घालायचा आणि वर प्लंजर, त्यातून ‘या-या’ असा माणसाच्या तोंडचा स्वर निघायचा. त्याच्या मागे सॅक्सोफोन एकाच ओळीचा धोशा लावतात आणि ब्रास आघात देत राहतो. पुढे एलिंग्टन पियानोवर मुद्दाम बोचरे, न जुळणारे सूर टाकतो, मग बँड चढत जातो, आणि सहाव्या आवर्तनात सगळे अचानक थांबतात. दोन बार, एकटा बेस. पुन्हा बँड, पुन्हा दोन बार बेस. इतक्या मोठ्या आवाजाच्या मध्यावर सगळ्यात दबका आवाज ऐकवायचा असेल तर इतरांनी गप्प बसणं एवढाच उपाय आहे, आणि तो नेमका कुठे करायचा हे एलिंग्टनला कळत होतं. संचातली सगळ्यात घट्ट विणलेली रचना हीच.

बेसचा हाच प्रश्न ‘जॅक द बेअर’मध्ये वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. सुरुवातीलाच बँड छोटा तुकडा वाजवून गप्प होतो आणि ब्लॅंटन उत्तर देतो, शेवटही त्याच्याच हातात. १९४० मध्ये बेसला अॅम्प्लिफायर नव्हता. बेसवाल्याला पुढे आणायचं तर जागा रचनेतच कोरावी लागे. आजचे बँड ही रचना वाजवताना बेसचा आवाज मिक्सरवर वर चढवतात, तेव्हा ती जागा निरर्थक होते: जो आवाज आधीच दणदणीत आहे त्याच्यासाठी बाकीचे का थांबले, ते समजतच नाही. बेस होईल तितका नैसर्गिक ठेवा आणि बँडकडूनच खरी शांतता घ्या.

हॉजेसबद्दल फार लिहायची गरज नाही, ‘वॉर्म व्हॅली’ लावा. अल्टो सॅक्सोफोनवर सूर खालून हळूहळू चढवत नेण्याची त्याची लकब तुम्हाला वेगळी दाखवावी लागणार नाही. त्याच्यामागे रांगांनी धरलेले सूर इतके हलके आहेत की दुसऱ्यांदा ऐकताना कळतं, ते होते. बिगार्डचं क्लॅरिनेट वेगळ्या कामाला येतं. ‘हार्लेम एअर शाफ्ट’मध्ये बँड आपलं वाजवत असतो आणि तो न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या सवयीने त्या गलक्यावरून तरंगत जातो. त्याला रिकामी जागा लागत नाही, गर्दीच लागते.

‘टेक द ए ट्रेन’ (१५ फेब्रुवारी १९४१) एलिंग्टनचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न याची. ती त्या वेळी पुढे आली याला एक व्यवहारी कारण होतं: १९४१ च्या सुरुवातीपासून अॅस्कॅप या संगीतकारांच्या संस्थेच्या सभासदांची गाणी अमेरिकन रेडिओवर बंद झाली, एलिंग्टन सभासद, म्हणून स्ट्रेहॉर्न आणि मुलगा मर्सर यांच्या रचनांना वाव मिळाला. कूटीच्या जागी आलेला रे नान्स इथे आधी म्यूट लावून वाजवतो. मग चार बारांत बँड जणू तिनाच्या गतीत डुलतो, स्वरपट्टी सी वरून ई फ्लॅटवर जाते आणि नान्स उघड्या ट्रम्पेटने परत येतो. कॉन्चेर्टोतलीच युक्ती, आटोपशीर करून. त्याचा हा सोलो इतका रचनेचा भाग झाला की पुढे आलेले ट्रम्पेटवालेही तोच वाजवत राहिले. ‘मेन स्टेम’ (१९४२) मात्र गर्दीचा नमुना आहे. तीन मिनिटांच्या आत सात वेगवेगळे सोलोवाले, बहुतेकांना बारा-बारा बार. दमछाक होते, पण आवाज ओळखायची चाचणी द्यायला याहून चांगला ट्रॅक नाही.

संचाच्या उणिवाही सांगायला हव्यात. तारखेच्या क्रमामुळे ‘को-को’सारख्या रचनेच्या आसपास बेताची नाचगाणी येतात, आणि सलग ऐकलं तर दुसऱ्या सीडीपर्यंत लक्ष विरतं. हर्ब जेफ्रीजने गायलेले काही ट्रॅक आज जड वाटतात. ‘फ्लॅमिंगो’ त्या काळी खूप चालली, हे खरं असलं तरी. आयव्ही अँडरसनची गोष्ट निराळी. ‘आय गॉट इट बॅड’मध्ये तिचा आवाज आणि हॉजेसचा अल्टो एकमेकांची वाट बघत बोलतात, तिथे गाणारीलाही सोलोवाल्याच्याच मापाने शिवलेलं आहे.

ध्वनीबद्दल थोडं. सगळं मोनो आहे आणि तबकड्यांच्या काळातलं आहे. आजच्या रेकॉर्डिंगची चकाकी शोधू नका. फोनच्या स्पीकरवर ऐकलं तर ब्लॅंटन पूर्ण गायब होतो, आणि ब्लॅंटन गेला की ‘जॅक द बेअर’ अर्धी गेली. हेडफोन किंवा बऱ्यापैकी खालचे सूर देणारे स्पीकर हवेत. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, आणि सराउंड किंवा ‘रुंद आवाज’ वगैरे जे काही चालू असेल ते बंद करा. त्या सोयी मोनोतला मधला आवाज पातळ करतात, आणि सोलोवाला नेमका तिथेच उभा असतो. ट्रेबल वाढवलं तर म्यूटचा कापरेपणा कानाला टोचतो. त्यापेक्षा आवाज थोडा मोठा ठेवा.

ऐकण्याची एक पद्धत सुचवतो. रचना पहिल्यांदा ऐकताना सोलोवाल्याकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा त्याला सोडून फक्त मागे काय चाललंय ते ऐका: कोणती रांग वाजतेय, किती हळू, आणि वाक्याच्या कोणत्या टोकाला. तिसऱ्यांदा फक्त सोलो सुरू व्हायच्या आधीचे दोन बार. सात-आठ रचना अशा ऐकल्यावर स्वतःच्या बँडची तालीम घेताना काय चुकतंय ते पटकन सापडतं. बहुतेकदा दोष मागच्या रांगेत असतो. सॅक्सोफोनवाले कागदावर ‘हळू’ लिहिलेलं वाचतात आणि मध्यम वाजवतात, कारण पाच जण मिळून हळू वाजवताना सूर डळमळतो आणि त्याची भीती वाटते. उपाय म्हणजे तो भाग सोलोशिवाय पाच-सहा वेळा इतका हळू वाजवून घ्यायचा की ड्रमरच्या झांजेवरची काठी ऐकू यावी. मग सोलोवाल्याला उभं करायचं.

आणि ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ हातात कोणता ट्रम्पेटवाला आहे ते बघितल्याशिवाय कार्यक्रमात घेऊ नका. म्यूट, गुरगुर आणि उघडा आवाज या तिन्हींवर हुकमत नसेल तर त्यातली एखादी जागा रिकामी राहते आणि पूर्ण बांधकाम एका बाजूला कलतं. अशा वेळी त्याच बँडकडून ‘ए ट्रेन’ चांगली होईल.

हा संच संपल्यावर पुढचं ऐकणं म्हणजे ७ नोव्हेंबर १९४० ला नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी, क्रिस्टल बॉलरूममध्ये जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोघांनी टिपलेला कार्यक्रम. तो या संचात नाही, स्वतंत्र घ्यावा लागतो. कूटी नुकताच गेला होता, नान्स नुकताच आला होता. स्टुडिओतलं घड्याळ नसल्यामुळे ‘सेंट लुई ब्लूज’ तबकडीच्या मर्यादेबाहेर ऐसपैस लांबतो, आणि ‘स्टार डस्ट’वर वेब्स्टर इतक्या सावकाश वाजवतो की ‘कॉटन टेल’मधला तोच माणूस आहे हे ओळखायला एक-दोन बार लागतात.